जीटी४० च्या धाटणीच्या गाडीला सुपर्बचा ट्रान्सअ‍ॅक्सल: सात महिन्यांचा अनुभव

मी बांधलेली ही प्रतिकृती बघायला येणारा प्रत्येक जण फायबरच्या बॉडीवर हात फिरवतो. मला मात्र त्याला मागे नेऊन, वाकायला लावून ट्रान्सअ‍ॅक्सल, म्हणजे गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच खोक्यात, दाखवावासा वाटतो, कारण सगळ्यात जास्त झोप त्यानंच उडवली.

मूळ फोर्ड जीटी४० ही साठच्या दशकातली रेसची गाडी. तिच्या मार्क वन या पहिल्या आवृत्तीत झेडएफ कंपनीचा ५डीएस-२५ हा बॉक्स असायचा. तोच पुढे पँटेरा, मासेराती बोरा आणि बीएमडब्ल्यू एम१ मध्येही गेला. तो घेणं मला परवडणारं नव्हतंच. बाहेरच्या देशांत अशा प्रतिकृतींना रेनॉचा यूएन१, पोर्शेचा जी५० किंवा ऑडीचे बॉक्स लावतात. मी सुरुवातीला फक्त ताकदीचे आकडे बघत बसलो होतो. तिथेच चूक होती. आधी बघायची ती फिरण्याची दिशा.

पोर्शे ९११ चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे आणि गिअरबॉक्स त्याच्या पुढे. मधल्या, म्हणजे मागच्या चाकांच्या पुढे बसणाऱ्या इंजिनासाठी ही जोडी उलटी फिरवून बसवावी लागते. तशीच बसवली तर पुढचे सगळे गिअर गाडीला मागे नेतात. मग क्राउन व्हील (डिफरन्शियलचं मोठं दातेरी चाक) पिनियनच्या, म्हणजे त्याला फिरवणाऱ्या छोट्या चाकाच्या, दुसऱ्या बाजूला घ्यायचं किंवा अख्खा बॉक्स पालथा करायचा. पालथा केला की आतल्या तेलाची वाट बदलते, तिचाही बंदोबस्त करावा लागतो. ऑडीच्या जुन्या उभ्या मांडणीत (इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेनं) इंजिन पुढे, मग क्लच, मग डिफरन्शियल आणि गिअर त्याच्या मागे. हे सगळं जसंच्या तसं उचलून मागच्या चाकांवर ठेवलं तरी इंजिन एक्सलच्या पुढेच राहतं आणि दिशा बरोबर येते. आपल्याकडे २००४ पासून विकलेली पहिली स्कोडा सुपर्ब याच मांडणीची. अपघातातल्या एका १.८ टर्बोचं इंजिन, पाच गिअरचा बॉक्स, क्लच आणि वायरिंग असं सगळं एकत्र मला मुंबईत कुर्ल्याला मिळालं. इंजिन आणि बॉक्स एकाच गाडीचे असल्यामुळे दोन्ही जुळवणारी अ‍ॅडॅप्टर प्लेट करावी लागली नाही. १५० हॉर्सपॉवर आणि २१० न्यूटन मीटर. हलक्या गाडीला हे भरपूर आहे.

बॉक्स घेण्याआधी रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे) तपासायची एक साधी रीत सांगतो, मला खूप कामी आली. गिअरमध्ये टाकून एक फ्लँज (एक्सल जोडायची तबकडी) घट्ट धरायची, दुसरीवर खडूची खूण करायची आणि ती दोन पूर्ण फेरे फिरेपर्यंत इनपुट शाफ्टचे फेरे मोजायचे. एक बाजू अडवली की दुसरी दुप्पट फिरते, म्हणून दोन फेरे. आलेला आकडा म्हणजे त्या गिअरचा आणि क्राउन-पिनियनचा गुणाकार.

आता जड गेलेला भाग. सुपर्बमध्ये ड्रायव्हर बॉक्सच्या मागे बसतो, त्यामुळे गिअरचा रॉड बॉक्सच्या शेपटीकडून बाहेर येतो. माझ्या गाडीत ड्रायव्हर इंजिनाच्याही पुढे. केबल इंजिनाला वळसा घालून पार शेपटीपर्यंत न्यायच्या आणि तिथे हालचाल उलटी करायची. पहिल्या जुळणीत पहिला गिअर मागे आणि दुसरा पुढे पडत होता. एमआयडीसीतल्या लेथवाल्या आप्पांनी मधे टेकू घेणारी तरफ करून दिली, तिला पितळी बुश घातले. "व्हई जाई, भाऊ," एवढंच म्हणाले, आणि चौथ्या खेपेला खरंच झालं. त्यांच्या हाताची किंमत पैशात होत नाही.

गाडीची नोंदणी नाही, त्यामुळे रस्त्यावर नेत नाही. मामांच्या जिनिंगचं सिमेंटचं पटांगण मार्च ते दिवाळी रिकामं असतं, तिथे साठेक तास चालवली. जळगावचा मे महिना काय असतो ते वेगळं सांगायला नको. जवळचा रस्ता म्हणून केबल टर्बोच्या बाजूनं नेल्या होत्या. आतलं प्लास्टिकचं अस्तर मऊ पडलं आणि तिसरा गिअर अडकायला लागला. केबल इनटेकच्या, म्हणजे इंजिन हवा घेतं त्या थंड बाजूनं फिरवल्या, वर उष्णतारोधक पट्टी गुंडाळली, त्यानंतर तक्रार नाही. सुपर्बमध्ये बॉक्सला खालून वारा लागायचा, इथे तो बॉडीखाली कोंडतो. म्हणून मागच्या जाळीखाली पत्र्याची वाट काढली. बॉक्समधलं जीएल-४ प्रतीचं गिअर तेल चाळीस तासांनी काढलं तेव्हा चुंबकाच्या बुचावर बारीक काजळी होती, तुकडा एकही नाही. ते बघून मी बराच वेळ तिथेच उकिडवा बसून राहिलो.

एक्सलच्या बाबतीत मात्र हात आखडू नका. मधून कापून वेल्ड केलेले शाफ्ट मला एका विक्रेत्यानं "नवे" म्हणून दिले होते. वेल्डचा रंग दिसला म्हणून वाचलो. नंतर योग्य लांबीचे शाफ्ट नवे करवले, टोकांना स्प्लाइन (पकडीच्या खाचा) पाडल्या आणि हार्डनिंगला नाशिकला पाठवले. ताशी ऐंशीच्या वेगात हा शाफ्ट तुटला तर काय होईल, हे मनाशी एकदा स्पष्ट बघा आणि मगच पैसे वाचवा.

बॉडीचा आग्रह नसेल तर आडवं, म्हणजे गाडीच्या रुंदीत बसणारं इंजिन घ्या, असंच मी सांगेन. फियाटनं १९७२ मध्ये एक्स१/९ आणि टोयोटानं १९८४ मध्ये एमआर२ अशीच केली: पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची अख्खी जोडी उचलून मागे. अशा गाडीत बहुतेक वेळा केबल आणि शाफ्टही मूळचेच वापरता येतात. कॉलेजात बाहा या विद्यार्थ्यांच्या गाडी-स्पर्धेसाठी पिथमपूरला नेलेल्या गाडीत आम्ही तीनचाकी मालरिक्षाचा ट्रान्सअ‍ॅक्सल वापरला होता, तोही याच विचारानं: जिथे आहे तिथून काढा आणि कमीत कमी बदला. मला मात्र मागच्या काचेखाली उभं इंजिन दिसायला हवं होतं. त्यासाठी पडलेल्या कष्टांचं मला वाईट वाटत नाही.

सध्या दुसऱ्या गिअरचा सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवणारी कडी) थंडीत सकाळी थोडा कुरकुरतो. कापसाचा हंगाम सुरू झाल्यानं पटांगण बंद आहे, तेवढ्यात बॉक्स खाली उतरवणार आहे.