कपल थेरपिस्टचा रिव्ह्यू: निकाल मिळत नाही, बाकी बरंच मिळतं

आधीच सांगून टाकतो, तुमच्या भांडणात कोण बरोबर आणि कोण चूक याचा निकाल पाहिजे असेल तर या बाईंकडे जाऊ नका, पैसे वाया जातील. आम्ही दोघंही मनातल्या मनात तोच निकाल घ्यायला गेलो होतो (दोघांनाही खात्री की आपल्याच बाजूने लागणार) आणि तो शेवटपर्यंत मिळाला नाही. तरी मी पाचपैकी चार स्टार देतोय, एक का कापला ते पुढे येईलच. नाव इथे टाकत नाही कारण त्यावरून आमचीच ओळख निघेल, पण असा थेरपिस्ट शोधताना काय बघायचं ते कळेल एवढं लिहितो.

नाव कळलं ऑफिसमधल्या मैत्रिणीकडून, ती त्यांच्याकडे एकटीच जायची एन्झायटीसाठी. तिच्यासोबत त्यांनी सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी) केली, म्हणजे डोक्यात आलेला विचार कागदावर लिहायचा, तो खरा असल्याचा पुरावा काय, खोटा असल्याचा काय, आणि मग दुसऱ्या कोणत्या नजरेने बघता येईल ते लिहायचं. ॲरन बेक नावाच्या सायकियाट्रिस्टने १९६० च्या दशकात ही पद्धत सुरू केली आणि सगळ्यात जास्त अभ्यास झालेल्या पद्धतींपैकी ही एक. ऐकायला शाळेच्या गृहपाठासारखं वाटतं पण मैत्रिणीला फरक पडलेला मी रोज समोर बघत होतो.

मॅडमचं बॅकग्राउंड त्यांनी पहिल्याच फोनवर न विचारता सांगितलं आणि मला तिथेच बरं वाटलं. क्लिनिकल सायकॉलॉजीत मास्टर्स, आधी हॉस्पिटलमध्ये डिप्रेशन आणि एन्झायटीचे पेशंट बघायच्या, मग लक्षात आलं की माणूस एकटा सुधारून घरी जातो आणि घरातलं भांडण तसंच असतं, म्हणून कपल्सच्या कामाचं वेगळं ट्रेनिंग घेतलं. अजूनही स्वतःच्या केसेस एका सीनियरला दाखवतात, त्याला सुपरव्हिजन म्हणतात. बऱ्याच जणांना वाटतं एका माणसाला बघता येतं तर दोघांना पण येईलच, तसं नसतं, समोर दोघं बसली की एकाला समजून घेताना दुसरा दुखावतो आणि ते सांभाळणं शिकावं लागतं. याआधी आम्ही एका समुपदेशकाकडे गेलो होतो, त्यांनी पंधरा मिनिटं ऐकून मला सांगितलं की बायकोला वेळ द्या, फिरायला न्या. अहो, प्रॉब्लेम फिरायला न जाण्याचा असता तर आम्ही तिकिटं नसती काढली का.

यांची मुख्य पद्धत ईएफटी, म्हणजे इमोशनली फोकस्ड थेरपी. नेटवर ईएफटी टाकलं की कपाळावर, हनुवटीवर बोटांनी टॅप करणारे व्हिडिओ येतात, ते वेगळं प्रकरण, त्यात गोंधळू नका. ही कपल्सची ईएफटी स्यू जॉन्सन आणि लेस ग्रीनबर्ग यांनी १९८० च्या दशकात कॅनडात तयार केली आणि तिच्या मुळाशी जॉन बोल्बी या ब्रिटिश सायकियाट्रिस्टची अटॅचमेंट थिअरी, म्हणजे जवळच्या माणसाशी असलेल्या ओढीची थिअरी आहे. लहान मूल जसं आई दिसेनाशी झाली की आधी रडून आकांत करतं आणि कोणी आलंच नाही तर गप्प पडतं, तसंच मोठ्यांचं जोडीदाराच्या बाबतीत होतं, असं साधारण म्हणणं. एक मागे लागतो, दुसरा पळ काढतो, आणि जेवढा हा पळतो तेवढी ती मागे लागते. यांच्या मते शत्रू नवरा पण नाही आणि बायको पण नाही, हे चक्र शत्रू.

प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगतो. एकदा विषय निघाला की मी उशीर होणार असला तरी मेसेज करत नाही. बायको म्हणाली, "तू कधीच कळवत नाहीस." मी खिडकीकडे बघायला लागलो. मॅडमनी लगेच हात वर केला, "थांबूया. त्या 'कधीच' म्हणाल्या आणि तुम्ही तिकडे बघितलंत. आत्ता छातीत, पोटात काय होतंय?" मला आधी वैताग आला, पोटात काय होणार. पण त्यांनी बोटाला ऑक्सिमीटर लावायला दिला तर बसल्या बसल्या नाडी शंभरच्या वर. मग कळलं की हे जोडप्यांचा अभ्यास करणाऱ्या जॉन गॉटमन या अमेरिकन सायकॉलॉजिस्टच्या संशोधनातून आलंय, भांडताना नाडी साधारण शंभरच्या पुढे गेली की माणसाला समोरचं नीट ऐकूच येत नाही, अशा वेळी निदान वीस मिनिटं थांबायचं पण परत येऊन बोलायचं हे नक्की. 'परत येऊन' वर बायकोने माझ्याकडे जो लुक दिला तो सोडा. त्यानंतर ती जे बोलली ते मी याआधी ऐकलं नव्हतं, "मेसेज आला नाही की मला वाटतं मी तुझ्या डोक्यातच नसते." मेसेज हा मुद्दाच नव्हता.

गॉटमनचं अजून एक त्या सांगतात, जोडप्यांच्या भांडणांचे सुमारे ६९ टक्के विषय कायमचे असतात, सुटत नाहीत. मला हे ऐकून उलट हलकं वाटलं. पण एकमेकांना तुच्छ लेखणं, डोळे फिरवणं, टोमणे मारणं सुरू झालं की मात्र त्या तिथल्या तिथे थांबवतात, कारण त्याच्या अभ्यासात घटस्फोटाचं सगळ्यात मोठं लक्षण तेच निघालं.

सुरुवातीला दोघांना वेगवेगळं भेटतात. तेव्हाच सांगतात की इथे जे बोलाल ते जोडीदारापासून लपवून मी कपल सेशन चालवणार नाही, त्यामुळे काय सांगायचं ते विचार करून सांगा. याच भेटीत घरात मारहाण, धमक्या, भीती आहे का तेही विचारतात, कारण तसं असेल तर दोघांना एकत्र बसवत नाहीत, जो मार खातो त्याने खरं बोललं तर घरी गेल्यावर काय होईल याचा भरवसा नसतो. हा नियम ज्या थेरपिस्टकडे नाही तिकडून मी तरी लांब राहीन. बायकोला जुन्या अपघातानंतर अजून दचकायला होतं, त्यासाठी तिला स्वतःकडे न ठेवता ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली वापरून जुन्या धक्क्यावर काम करायची पद्धत) करणाऱ्या दुसऱ्या थेरपिस्टकडे पाठवलं, म्हणाल्या एकीचं वैयक्तिक काम मी केलं तर तुम्हाला मी तिच्या पार्टीतली वाटेन. खरंच वाटलं असतं.

आता कापलेला स्टार. पन्नास मिनिटं झाली की संपलं म्हणजे संपलं, एकदा बायको रडत होती आणि घड्याळ बघून "पुढच्या वेळी इथूनच सुरू करू" झालं, नियम मान्य आहे हो पण शेवटची दहा मिनिटं आवरतं घ्यायला ठेवता येतात ना. वर्कशीट्सची भाषा इतकी जड की आम्ही त्या भरण्यापेक्षा त्यावर हसण्यात जास्त वेळ घालवला (तोही फायदाच म्हणा). ऑनलाइन सेशन टाळा, खिडकीकडे बघितलेलं स्क्रीनवर कोणाला दिसणार.

वेटिंग असतं आणि ईमेलला उत्तर यायला वेळ लागतो, एकदा आठवण केली तर चालतं. पहिल्या फोनवर ट्रेनिंग कशाचं, सुपरव्हिजन आहे का आणि वेगळ्या भेटीतल्या गोष्टींचं काय करता हे तीन प्रश्न विचारा, त्या चिडत नाहीत. जो चिडेल त्याचा नंबर डिलीट करा.