इंडिया इनोव्हेशन इंडेक्स: क्रमांक सोडा, तक्ते वाचा

राज्याच्या विज्ञान-तंत्रज्ञान किंवा स्टार्टअप धोरणाचा मसुदा करायला घेतला की पहिल्या काही पानांतच इंडिया इनोव्हेशन इंडेक्स, म्हणजे नवोन्मेषाच्या बाबतीत राज्यांना गुण आणि क्रमांक देणारा हा अहवाल, हमखास डोकावतो. नीती आयोग आणि इन्स्टिट्यूट फॉर कॉम्पिटिटिव्हनेस मिळून तो काढतात. २०१९, २०२० आणि २०२१ अशा आवृत्त्यांपैकी तिसरी जुलै २०२२ मध्ये आली, आणि हे परीक्षण प्रामुख्याने तिचंच आहे.

मांडणी चांगली आहे. १७ मोठी राज्यं, ईशान्येकडची व डोंगराळ राज्यं, आणि केंद्रशासित प्रदेश व शहर-राज्यं असे तीन गट केलेत. मनुष्यबळ, गुंतवणूक, ज्ञानाधारित कर्मचारी, व्यवसायाचं वातावरण, सुरक्षितता व कायदा हे पाच स्तंभ 'पोषक घटक' म्हणून धरलेत. ज्ञाननिर्मिती आणि ज्ञानप्रसार हे दोन 'कामगिरी' म्हणून. दोन्ही बाजूंच्या सरासरीतून अंतिम गुण निघतात.

पहिली ठेच लागते ती मागच्या आवृत्तीशी तुलना करताना. दुसऱ्या आवृत्तीत कर्नाटकला ४२.५० आणि महाराष्ट्राला ३८.०३ गुण होते; तिसऱ्यात कर्नाटक १८.०१, महाराष्ट्र १६.०६. दोन्ही राज्यांतलं संशोधन अर्ध्याहून खाली आलं असं कुणी म्हणणार नाही. निर्देशक (ज्या बाबींवरून गुण काढतात त्या) ३६ वरून ६६ झाले, चौकट बदलली, मोजपट्टीच नवी आली. गुणांचा आलेख काढून 'घसरण' दाखवणारी सादरीकरणं थेट बाद करावीत. महाराष्ट्र दुसऱ्यावरून चौथ्यावर गेला हेही त्याच सावधगिरीने वाचायचं.

एकाच आवृत्तीतसुद्धा गुण जपून वापरावे लागतात, कारण अशा निर्देशांकांत तुमचे गुण इतरांच्या आकड्यांवर ठरतात. समजा, एखाद्या निर्देशकात सर्वात मागचं राज्य ५ वर, सर्वात पुढचं ५० वर आणि आपण १० वर आहोत. किमान-कमाल पद्धतीने, म्हणजे सर्वात मागच्याला ० आणि सर्वात पुढच्याला १०० धरून, आपले गुण ११.१. पुढच्या वेळी आपण १२ वर गेलो, पण पहिलं राज्य ८० वर गेलं, तर आपले गुण ९.३. काम वाढलं, गुण घटले! म्हणून मूळ आकडा मिळत असेल तर तोच घ्यायचा.

दुसरी अडचण पत्त्याची. पेटंट अर्जदाराच्या पत्त्यावर मोजलं की मुख्यालय असलेल्या शहराचं पारडं जड होतं. प्रयोगशाळा दुसऱ्या राज्यात असली तरी. थेट परकी गुंतवणुकीचं तर विचारूच नका. राज्यवार आकडे ऑक्टोबर २०१९ पासूनच मिळतात. त्याआधीचे आकडे रिझर्व्ह बँकेच्या प्रादेशिक कार्यालयांनुसार होते, आणि 'मुंबई' म्हणजे महाराष्ट्रासोबत दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवही. जुनी मालिका जोडताना हा सांधा तपासला नाही तर वाढीचा दर खोटा निघतो. छोट्या प्रदेशांत आणखी एक गंमत होते: लोकसंख्येने भागलं की एकदोन मोठ्या संस्थांनीच आकडा फुगतो. चंदीगड २७.८८ गुणांवर आहे आणि कर्नाटक १८.०१ वर, त्यामागे हेही एक कारण असू शकतं. गट ओलांडून तुलना नको.

पण खरा आक्षेप वेगळाच आहे. हा निर्देशांक राज्याची परिस्थिती मोजतो, राज्य सरकारचं धोरण नाही. २०२०-२१ मध्ये देशाचा संशोधन-विकास खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के होता. त्यात केंद्र सरकारचा वाटा ४३.७ टक्के, खासगी उद्योगांचा ३६.४, आणि सर्व राज्य सरकारांचा मिळून फक्त ६.७. तोही बराचसा कृषी विद्यापीठांकडे जातो. म्हणजे केंद्रीय प्रयोगशाळा कुठे उभी राहिली आणि कंपन्यांनी कुठे बस्तान बसवलं, यावर क्रमांकाचा मोठा भाग ठरतो. त्या क्रमांकाचं श्रेय किंवा खापर मंत्रालयावर फोडणं चुकीचंच.

तरीही अहवाल कामाचा आहे, फक्त उलट्या दिशेने वाचायला हवा. आपल्या राज्याचा तपशील उघडा आणि एकूण क्रमांक झाकून ठेवा. पोषक घटक व कामगिरी यांच्यात दरी किती, ते बघा. पोषक घटक बरे आणि कामगिरी कच्ची असेल तर आणखी इनक्युबेटर (नव्या उद्योगांना सुरुवातीला आधार देणारी केंद्रं) उभारून उपयोग नाही. तंत्रज्ञान हस्तांतरण, चाचणी सुविधा, सरकारी खरेदी यांकडे वळायला हवं. मग कच्च्या स्तंभातले तीनचार निर्देशक उचला आणि प्रत्येकाचं वर्ष, भाजक व मूळ स्रोत लिहून काढा. राज्य सरकारच्या हातात नसलेले निर्देशक तिथेच खोडा. यादी बरीच आखडते, आणि तेच हवं असतं.

योजनेसाठी ठेवलेला पैसा खर्च झाला का, हे मात्र अहवालातून कळत नाही. त्यासाठी राज्याच्या अर्थसंकल्पात लेखाशीर्ष (खर्चाच्या विषयाचा सांकेतिक क्रमांक) ३४२५ (इतर वैज्ञानिक संशोधन) आणि २४१५ (कृषी संशोधन व शिक्षण) काढा, आणि अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज व प्रत्यक्ष खर्च हे तीन रकाने शेजारी शेजारी मांडा. प्रत्यक्ष खर्चाचा आकडा दोन वर्षं मागचा असतो, हे धरून चाला.