जर्मन लष्कराचा निवृत्त युनिमॉग: घरी आणतानाचे ६१० किलोमीटर आणि नंतरचे नऊ महिने

गाडी मर्सिडीज युनिमॉग यू १३०० एल, म्हणजे चिखलात-जंगलात चालणारा फोर व्हील ड्राइव्हचा ट्रक, १९८६ चं मॉडेल, जर्मन लष्करातून निवृत्त झालेली. ताब्यात घेतली तेव्हा मीटरवर ४१,००० किलोमीटर होते, आज ४४,३०० आहेत. "घेऊ का रे अशी एखादी?" असं विचारणारे इथले, जर्मनीतले आपले लोक दर महिन्याला भेटतात. तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदा बसून लिहितोय.

मी भुललो ते त्या ४१,००० ला. अडतीस वर्षांत एवढंच चाललेली गाडी म्हणजे जवळजवळ कोरीच, असं वाटलं. लष्करी गाडीचं तसं नसतं. ती शेडमध्ये उभी असते, अधूनमधून सुरू होते, दहा हात पुढे येते, परत जागेवर जाते. इंजिन झिजत नाही हे खरं, पण रबर वाळतं. टायर, ब्रेकचे पाइप, ऑइल सील (तेल गळू नये म्हणून बसवलेली रबरी कडी), जिथे जिथे रबर आहे तिथे वय दिसतं. मी मात्र बघायला गेलो तेव्हा इंजिनाचा आवाज ऐकून खूश झालो आणि टायरवरचा आकडा वाचलाच नाही. टायरच्या बाजूला चार अंक असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या टायरवर २३०९ होतं, म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी, आणि बाजूला उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या भेगा.

आधी कागदांचं. भारतातल्या कारच्या लायसन्सवरून इथे जे मिळतं ते साडेतीन टनांपर्यंतचं. ही गाडी कागदावर साडेसात टनांची, त्यामुळे सी-वन, म्हणजे साडेसात टनांपर्यंतच्या ट्रकचं लायसन्स वेगळं काढावं लागलं. शेजारच्या आजोबांना १९९९ च्या आधीच्या साध्या कारच्या लायसन्सवर हीच गाडी चालवता येते. मी पैसे भरून शिकतोय हे कळल्यावर ते आठवडाभर मिशीत हसत होते.

गाडी उत्तरेला, ल्यूनेबुर्गच्या माळरानाजवळच्या एका गावात, जुन्या लष्करी गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे उभी होती. मी राहतो दक्षिणेला, स्टुटगार्टशेजारच्या एस्लिंगेनजवळ, म्हणजे ६१० किलोमीटर. अशा प्रवासाला पाच दिवस चालणारी तात्पुरती नंबरपाटी मिळते. तिच्या उजव्या कडेला पिवळी पट्टी असते, त्यावर शेवटची तारीख. वाहनतपासणी ताजी नसेल तर या पाटीवर एवढं लांब जाता येत नाही. म्हणून लिलावात परस्पर स्वस्त घेण्यापेक्षा तपासणी करून दिलेली गाडी १६,५०० युरोंना घेतली. याबद्दल आजही पश्चात्ताप नाही.

निघायच्या आदल्या रात्री कराडला मामांना फोन केला. मामा सत्तरच्या दशकात टाटा-मर्सिडीजवर होते. टाटांचा डायम्लर-बेंझशी करार १९५४ चा, १९६९ ला संपला, पण त्या काळातल्या नाकावर चांदणी असलेल्या गाड्या पुढे कितीतरी वर्षं साखरपट्ट्यात ऊस ओढत होत्या. मामांनी गाडीचा रंग विचारला नाही, किंमत विचारली नाही. म्हणाले, "उभी राहिल्याली गाडी हाय न्हवं? टाकीत गाळ आसणार. डिझेलचं फिल्टर दोन घी, पाना घी, आन् चढाला घाई करू नगंस." व्यापाऱ्याकडून दोन फिल्टर मागून घेतले ते निव्वळ मामांचा मान राखायला.

सकाळी गाडी सुरू केली की लगेच निघता येत नाही, ब्रेकच्या हवेचा काटा वर येईपर्यंत थांबायचं. २४ व्होल्टची वायरिंग, दोन बॅटऱ्या, आणि दिव्यांसाठी डॅशबोर्डवर मुठीएवढी गोल खटकी. या खटकीत एक गंमत आहे. रात्री शत्रूला दिसू नये म्हणून दिवे झाकायची सोय त्यातच आहे, आणि त्या स्थितीत ब्रेकचे दिवेही लागत नाहीत. मागे अंधारात फक्त खाली एक पांढरा क्रॉस उजळतो, तो बघत मागच्या गाडीने चालायचं. मी हातमोज्याने खटकी एक घर जास्त फिरवली आणि तसाच हॅनोव्हरपर्यंत गेलो. मागून कारने येणारा मित्र फोनवर ओरडत होता, पण ऐकू कोणाला येतंय? इंजिन जवळजवळ मांडीला मांडी लावून बसलेलं असतं. सहा सिलिंडर, ५,६७५ सीसी, १३० हॉर्सपॉवर, आणि त्यातला निम्मा जोर आवाजातच जातो की काय असं वाटतं. शेवटी त्याने पुढे येऊन हात केले तेव्हा कळलं. कानात बोळे घालूनच चालवायची गाडी आहे ही, आणि शेजारी बसणाऱ्याशी बोलायचं असेल ते चहाच्या वेळी.

वेग ताशी ७५. ८० होतो, पण मग आरसे इतके थरथरतात की मागचं काही दिसत नाही. ए-७ महामार्गावर मला दूधवाले, फर्निचरवाले, पोलंडचे, लिथुआनियाचे, सगळ्यांनी ओलांडलं. त्याचं काही वाटलं नाही. उलट उजव्या लेनमध्ये कोणाच्या अध्यात ना मध्यात, खिडकीतून शेतं बघत जाण्यात मजा होती.

कासेलजवळचे चढ इथल्या ट्रकवाल्यांत बदनाम आहेत. दुसऱ्याच चढाला गाडीचा दम जायला लागला. ६०, ५०, मग ३५. अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकलेला, धूर नाही, तापमान नीट, नुसती ताकद नाही. कशीबशी पार्किंगच्या जागेत घेतली आणि तिथे बंद पडली. त्रिकोण ठेवला, पिवळा लुकलुकता दिवा ठेवला (साडेतीन टनांच्या वर तो लागतोच) आणि फिल्टर उघडला. आत ओल्या चहापत्तीसारखा काळा गाळ. वर्षानुवर्षं तळाशी निजलेलं सगळं चार तासांच्या हिंदकळण्याने उठून वर आलेलं.

नवा फिल्टर बसवला, पण गाडी सुरू होईना. एअर घेतली होती, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरली होती. लहानपणी पाचवड फाट्यावर मामांना एअर काढताना बघितलं होतं. मी बॅटरी धरून उभा असायचो आणि डास मारायचो. तेच आठवून केलं. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू दोन आटे सैल केला आणि पंपाची छोटी मूठ फिरवून मोकळी करून दाबत राहिलो. आधी नुसती हवा फुसफुसते, मग फेस येतो, मग बुडबुडे, आणि एकदम सलग, काचेसारखं डिझेल बाहेर येतं. स्क्रू आवळला, स्टार्टर दाबला, दोन आचके आणि सुरू. संगणक नाही, सेन्सर नाही, म्हणून हे एका पान्यावर झालं. हात कोपरापर्यंत डिझेलने भिजले होते. मित्राने व्हिडिओ कॉल लावून फोन इंजिनाजवळ धरला. पलीकडे मामा थोडा वेळ गप्प, मग म्हणाले, "आरं, ह्यो तर आपल्याच गाडीचा आवाज हाय की!"

दुसरा फिल्टर फुल्डाच्या पुढे लागला. मुक्काम ट्रकवाल्यांच्या थांब्यावर, ताडपत्रीखाली, स्लीपिंग बॅगमध्ये. दुसऱ्या दिवशी वुर्झबुर्गहून ए-८१ ने घरी. डिझेल १४३ लिटर, म्हणजे लिटरला सव्वाचार किलोमीटर. नऊ महिन्यांत यात फारसा फरक नाही.

घरी आल्यावर खर्चाला सुरुवात झाली. टाकी उतरवून धुतली, त्यात दोन शनिवार गेले. चार टायर २,८०० युरो. ब्रेकचे रबरी पाइप सगळे नवे. जुने वाकवले तर बिस्किटासारखे तडकत होते, आणि याच पाइपांवर मी कासेलचे उतार उतरलो होतो. या गाडीत चाकाजवळ वेगळे गिअर असतात, त्यामुळे मधला दांडा उंच राहतो आणि पोटाखाली चव्वेचाळीस सेंटिमीटर जागा मिळते. पण प्रत्येक चाकाला स्वतःचं तेल, स्वतःचं सील. चारपैकी तीन सील बदलली. ही सगळी रक्कम घेतानाच बाजूला ठेवायला हवी होती. ते मला क्रेडिट कार्डाने शिकवलं.

तीस वर्षांवरची म्हणून ऐतिहासिक गाडीची एच-पाटी मिळाली. वर्षाला १९१ युरो ७३ सेंट कर, आणि एवढा धूर सोडूनही शहराच्या पर्यावरण क्षेत्रात जायची मुभा. नियम कोणी केला त्याला माझा नमस्कार. रस्त्यावर उभी करण्यावरून एका शेजारणीने आक्षेप घेतला. वस्तीत रात्री ट्रक लावायला बंदी आहे ती साडेसात टनांच्या वर. मी कागद दाखवला, तिने चष्मा लावून आकडा दोनदा वाचला आणि मग पहिल्यांदाच माझं नाव विचारलं.

उपयोग? हिवाळ्याचं लाकूड जंगलातून आणतो. चिखलात फोर व्हील ड्राइव्ह आणि डिफरेन्शियल लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारा) टाकला की बाकीचे ट्रॅक्टर घेऊन येतात तिथे ही निवांत जाते. भारतातून आई-बाबा आले तेव्हा बाबांना पायरी चढवेना, आई मात्र चढून बसली आणि उतरायला तयार नव्हती. बायकोचं मत मुद्दाम देतो, एकतर्फी नको: "यापेक्षा एसटी घेतली असतीस तर तिकिटं तरी फाडता आली असती."

चौथं सील, उजव्या मागच्या चाकाचं, अजून जुनंच आहे. खाली आंब्याच्या रसाचा रिकामा डबा ठेवलाय. आठवड्याला चमचाभर तेल पडतं. डबा भरला की बदलीन म्हणतो.