म्हापशातलं कापडाचं दुकान: पॉपलिन झकास, चेन मात्र नको

दोन महिन्यांपासून घरी स्कर्ट शिवायचं खूळ डोक्यात शिरलंय, त्यामुळे म्हापसा मार्केटातल्या या दुकानात माझ्या चार फेऱ्या झाल्या (नाव लिहीत नाही, पुढे तक्रार पण आहे). दुकान एवढंसं, तीन गिऱ्हाइकं उभी राहिली की चौथ्याने बाहेर थांबायचं, आणि शुक्रवारी बाजाराच्या गर्दीत तर जाऊच नका.

मला हवा होता जुन्या स्टाइलचा फुल सर्कल स्कर्ट. शेजारच्या आंटीकडे लग्नातल्या डान्सचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहेत, बारीक कंबर आणि खाली छत्रीसारखा घेर, ते बघूनच जीव अडकला. ही फॅशन गाजवली पॅरिसच्या ख्रिश्चन डिओरने, 1947 च्या फेब्रुवारीत, युद्धातलं कापडाचं रेशनिंग लोकांच्या अंगवळणी पडलेलं आणि हा माणूस एका स्कर्टला ढीगभर कापड वापरतोय म्हणून काही जण भडकले पण होते म्हणे.

आणि कापड खरंच लागतं हो. माझी कंबर 28, भागिले 6.28 (2π) म्हणजे साधारण साडेचार इंच त्रिज्या, त्यात 26 उंची आणि एक इंच खालच्या दुमडीला, झाले साडेएकतीस. 44 इंच पन्ह्यावर (म्हणजे कापडाची रुंदी) दोन अर्धगोल काढायचे तर सव्वातीन मीटर जातात. काउंटरवरच्या काकांनी माझा कागद बघितला नि म्हणाले, "बाय, साडेतीन व्हर, कॉटन आटतां." घेतलं, धुतलं, आणि खरंच आटलं! उरलेल्या पट्टीत कमरेचा बेल्ट आणि खिसे पण निघाले.

पॉपलिन मस्त आहे, कडक, घेर फुललेला राहतो, धुतल्यावर रंग गेला नाही. लाल चौकड्यांचं कुणबी साडीसारखं एक कापड पण होतं, मी जवळजवळ घेतलंच होतं पण काकांनीच थांबवलं, म्हणे गोल कापलं की पुढे मधोमध चौकडी सरळ दिसते नि तिथून बाजूला वळताना तिरकी, त्याचा चुण्यांचा शिव. असला दुकानदार आजकाल कुठे मिळतो, जास्त कापड खपवायचं सोडून!

माझी चूक पण सांगते. पहिल्यांदा कंबर बरोबर साडेचारावर कापली, मग अर्धा इंच शिलाई आत गेली आणि कंबर तीन इंच मोठी. चारावर कापायची असते. आणि शिवून झालं की लगेच खाली दुमडू नका, एक दिवस हँगरला टांगा, उरेब (तिरका कापलेला) भाग लोंबतो, मग जमिनीपासून मापून कडा सारखी करा. पावसात दोन दिवस टांगा, आपल्याकडे काय, हवाच ओली.

आता तक्रार. तिथूनच घेतलेली लपवायची चेन दुसऱ्याच दिवशी दात सोडून बसली, तीही मी तयार होऊन निघताना. बदलून द्यायला काउंटरवरच्या पोराने साफ नकार दिला, काका नव्हते त्या दिवशी. दोरे पण कच्चे, मशीनमध्ये सारखे तुटतात. तेव्हा कापड इथून घ्या, बाकी सामान दुसरीकडून.

आणि दुपारी एक ते साडेतीन बंद असतं, मी दोनदा शटर बघून परत आलेय.