ई-ग्रामस्वराज : मुंबईत बसून गावच्या निधीचा हिशेब कितपत कळतो?

केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाचे ‘ई-ग्रामस्वराज’ हे संकेतस्थळ 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झाले. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा, कामांची प्रगती आणि जमाखर्च या पूर्वी निरनिराळ्या प्रणालींत भरल्या जाणाऱ्या गोष्टी त्यात एकत्र आणल्या गेल्या. ते सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्या कामासाठी बनलेले असले, तरी त्यातील बरेचसे अहवाल कोणालाही नावनोंदणीशिवाय आणि विनामूल्य पाहता येतात. ज्यांचे सभासद लालबाग-परळपासून नालासोपाऱ्यापर्यंत विखुरलेले आहेत आणि जी गावच्या कामांसाठी दरवर्षी वर्गणी काढतात, अशा मुंबईतील ग्रामविकास मंडळांना त्याचा कितपत उपयोग होतो, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. उपयोग होतो, आणि चांगला होतो. मात्र कोणता निधी त्यात दिसतो आणि कोणता दिसत नाही, हे आधी समजून घ्यावे लागते.

दिसतो तो प्रामुख्याने वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राच्या महसुलाचे वाटप सुचवणाऱ्या आयोगाच्या शिफारशीने येणारा, निधी. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठी देशातील ग्रामीण स्थानिक संस्थांना 2,36,805 कोटी रुपयांची शिफारस केली. महाराष्ट्रात या निधीचे वाटप ग्रामपंचायतींना 80 टक्के, पंचायत समित्यांना 10 टक्के आणि जिल्हा परिषदांना 10 टक्के असे ठरले. यातील 60 टक्के रक्कम बंधित, म्हणजे पाणीपुरवठा आणि स्वच्छता यांवरच खर्च करावयाची, आणि 40 टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या इतर गरजांसाठी, अशी होती. ही विभागणी डोक्यात ठेवून आराखडा उघडला, तर गावात नेहमी होणाऱ्या अर्ध्या वादांचा उलगडा बसल्या जागी होतो. ‘पैसे आले आहेत, मग आमच्या वाडीची पाखाडी (दगडी पायऱ्यांची पायवाट) का होत नाही?’ हा प्रश्न मंडळाच्या प्रत्येक बैठकीत निघतो. पाखाडी बंधित निधीतून होत नाही आणि अबंधित निधी सगळ्या वाड्यांत वाटून गेलेला असतो, हे उत्तर कोणाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आकड्यांत पाहिलेले बरे. निदान त्यावरून भांडण होत नाही.

वापर सोपा आहे, पण सुटसुटीत म्हणता येणार नाही. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि आर्थिक वर्ष निवडत आत जावे लागते. तिथे कामाचे नाव, अंदाजित रक्कम आणि ती कोणत्या योजनेतून खर्च होणार, हे समोर येते. खरी अडचण कामाच्या नावात असते. आमच्या गावच्या आराखड्यात ‘पाखाडी दुरुस्ती करणे’ एवढाच मजकूर असलेली कामे एकापेक्षा अधिक होती. वाडीचे नाव नाही, कोठून कोठपर्यंत तेही नाही. ही उणीव प्रणालीची नव्हे, माहिती भरणाऱ्याची. आमच्यातील एका ज्येष्ठ सभासदाने कामाच्या छायाचित्रातील जांभ्याच्या पायऱ्या आणि शेजारचा विहिरीचा कठडा पाहून वाडी ओळखली, तेव्हा हा गुंता सुटला. अक्षांश-रेखांशासह काढलेली अशी छायाचित्रे आणि कामे नकाशावर दाखवणारे ‘ग्राममानचित्र’ हे जोडसंकेतस्थळ त्यामुळे आवर्जून पाहण्यासारखे आहे. ओळखीची झाडे आणि कठडे आकड्यांपेक्षा लवकर बोलतात.

याउलट काम रखडले असेल, तर ते कोठे अडले आहे हे कळण्यासाठी केवळ या संकेतस्थळावर विसंबून चालत नाही. आराखड्यात नाव येणे आणि दगडावर दगड बसणे यांच्यामध्ये अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, अभियंत्याने मोजमाप पुस्तिकेत केलेली नोंद आणि शेवटी सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल स्वाक्षऱ्यांनी निघणारे देयक, एवढे टप्पे असतात. देयक निघाले की जमाखर्चात त्याची नोंद दिसते. त्याआधीचा कागद कोणाच्या टेबलावर आहे, हे विचारायला तालुक्याला फोन करावा लागतो किंवा दहा रुपयांचे न्यायालय शुल्क मुद्रांक लावून माहितीच्या अधिकारात अर्ज करावा लागतो.

त्याहून मोठी मर्यादा निधीच्या वाटांची आहे. आमदारांच्या शिफारशीने मंजूर होणारी, गावात ‘पंचवीस-पंधरा’ म्हणून ओळखली जाणारी 2515 या लेखाशीर्षाखालील (राज्याच्या अंदाजपत्रकातील खर्चाच्या शीर्षाखालील) कामे, जिल्हा नियोजन समितीची कामे, आमदार-खासदार निधी, जल जीवन मिशन, ही सारी गंगा वेगवेगळ्या घाटांवरून येते. ज्या कामाची कार्यान्वयन यंत्रणा ग्रामपंचायत नसून बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषद असते, त्याचा हिशेब ग्रामपंचायतीच्या जमाखर्चात शोधून मिळणार नाही. माणशी दररोज 55 लिटर पाण्याचे उद्दिष्ट असलेल्या जल जीवन मिशनची आकडेवारी त्याच्या स्वतंत्र संकेतस्थळावर पाहावी लागते. तेव्हा ई-ग्रामस्वराजवरील खर्चाचा आकडा म्हणजे गावात आलेला एकूण पैसा असे मानून कोणी सरपंचांवर तुटून पडू नये, आणि रस्त्याच्या फलकावरील रक्कम या खात्यात नाही म्हणून ती कोणी खाल्ली असेही म्हणू नये.

आकडे पाहताना मुंबईकराने एक गोष्ट मनाशी ठेवावी. पंधराव्या वित्त आयोगाच्या राज्याराज्यांतील वाटपात लोकसंख्येला 90 टक्के आणि क्षेत्रफळाला 10 टक्के भार होता, आणि लोकसंख्या 2011 च्या जनगणनेची. गणपतीत गजबजणारे आणि एरवी निम्मी घरे कुलूपबंद असलेले कोकणातील गाव या मोजणीत लहानच ठरते, कारण चाकरमान्याचे डोके मुंबईत मोजले जाते. वाडी तेवढीच लांब, पाखाडी तेवढीच उभी, साकवाखालचा (छोट्या पुलाखालचा) पऱ्ह्या, म्हणजे ओढा, पावसाळ्यात तेवढाच फुगणारा. निधी मात्र माणसांच्या हिशेबाने.

भ्रमणध्वनीवर पाहायचे असेल, तर ‘मेरी पंचायत’ हे उपयोजन आहे आणि ते संकेतस्थळापेक्षा ज्येष्ठांना बरे वाटते. 2024 मध्ये भाषिणी या सरकारी भाषांतर प्रणालीची जोड मिळाल्यामुळे ई-ग्रामस्वराज मराठीतही वाचता येते. यांत्रिक भाषांतर वाचताना कधीकधी मूळ शब्द काय असावा याचा अंदाज बांधावा लागतो, तो भाग वेगळा. त्याच वर्षी ग्रामपंचायतनिहाय हवामानाचा अंदाजही त्यावर मिळू लागला. मंडळातील निम्म्या सभासदांनी उपयोजन केवळ त्यासाठी ठेवले आहे, असा माझा कयास आहे.

मंडळांना सर्वाधिक लाभ होतो तो वर्गणी काढण्यापूर्वी. देवळाकडे जाणारा साकव मंडळाच्या पैशाने बांधावा असे आमच्या बैठकीत ठरत आले असताना आराखडा पाहिला, तेव्हा तोच साकव अबंधित निधीत आधीच धरलेला आढळला. मंडळाने ती रक्कम शाळेच्या छपराकडे वळवली. पुढील वर्षाचा आराखडा ठरवण्याची प्रक्रिया सामान्यतः 2 ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. त्यामुळे संकेतस्थळ पाहायचे ते भाद्रपदात, गावी जाण्याच्या आधी. शिमग्यापर्यंत थांबल्यास बहुतेक वेळा केवळ झालेला खर्च वाचायचा उरतो. मात्र ज्यांचे नाव मुंबईच्या मतदारयादीत आहे, ते गावच्या ग्रामसभेचे सदस्य नसतात. ग्रामसभेची गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100 मतदार यांपैकी जी संख्या कमी असेल ती. ती न झाल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. म्हणून आम्ही आराखड्याची प्रत मराठीत नीट टंकलिखित करून, प्रत्येक कामापुढे वाडीचे नाव घालून, गावातील बचत गटांच्या महिलांकडे सभेपूर्वी पाठवतो. प्रश्न त्या विचारतात, आणि ग्रामपंचायतीला ते इतिवृत्तात घ्यावे लागतात.