वेस्पा पीएक्स 150 स्कूटर नव्याने बांधून आठ महिने: काय टिकलं, काय पुन्हा उघडावं लागलं

रोजच्या वापरात सगळ्यात जास्त त्रास रंगाने दिला, आणि तोही न दिसणाऱ्या जागी. पत्र्यावर पावडर कोटिंगचा जाड थर चढला की अर्थिंगच्या जागाही, म्हणजे जिथून करंट पत्र्यातून परत जातो त्या, त्याखाली झाकल्या जातात. इंडिकेटर मंद होतात, हॉर्न घोगरा वाजतो आणि संशय नव्या वायरिंगवर जातो. अर्थचा स्क्रू बसतो तिथे नाण्याएवढा पत्रा घासून उघडा करा, दातेरी वॉशर घाला, वरून ग्रीस लावा. रंगाला देण्याआधीच तिथे टेप चिकटवली तर घासावंही लागत नाही.

इंजिनाने मात्र एकदाही दगा दिला नाही. याचं श्रेय क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या) ऑइल सीलला, म्हणजे हवा-तेल अडवणाऱ्या रबरी कडीला; ते दोन्ही बाजूंनी नवं बसवलं होतं. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत सीलचं रबर कडक होतं. मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूचं गेलं की तिथून हवा आत ओढली जाते, पेट्रोलचं प्रमाण कमी पडतं, आयडलिंग (थ्रॉटल न देता इंजिनाची चाल) आपोआप चढतं, प्लग पांढरा पडतो आणि शेवटी पिस्टन जाम होतो. कार्ब्युरेटरचा स्क्रू कितीही फिरवा, उपयोग नाही. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑइल इंजिनात ओढलं जाऊन जळतं. पांढरा धूर थांबतच नाही, प्लग तेलकट होतो. गिअर ऑइल जेमतेम 250 मिली असतं, त्यामुळे पातळी उतरलेली चटकन कळते. इंजिनाची केस उघडलीच आहे तर गिअरचा क्रॉसही (गिअर पकडणारा चार टोकांचा तुकडा) बदला. त्याच्या कडा गोल झाल्या की जोर दिल्यावर गिअर निसटतो, आणि तेवढ्यासाठी पुन्हा सगळं इंजिन खोलावं लागतं.

पेट्रोलमध्ये आपोआप ऑइल सोडणारा ऑइल पंप नसेल तर 1 लिटर पेट्रोलला 20 मिली टू-स्ट्रोक ऑइल. पेट्रोलचा पाइप नवाच घ्या, पण लांबी नीट मोजून. जास्त लांब ठेवला तर टाकी बसवताना तो दुमडतो. मग गाडी आयडलिंगला छान चालते आणि पूर्ण थ्रॉटलला गुदमरते.

वायरिंगसाठी एक युक्ती सोन्यासारखी आहे: जुनी ओढून काढताना टोकाला मजबूत दोरी बांधा. चेसिसच्या पोकळीतून नवी त्याच दोरीने ओढता येते. केबलींनाही हेच करा.

सजावटीत दोन रंगांचे काउल (मागच्या बाजूंची फुगीर झाकणं) आणि नवी सीट उत्तम टिकली. एलईडी हेडलाइटने निराशा केली. इथे हेडलाइटला थेट कॉइलचा एसी करंट मिळतो, त्यामुळे फक्त डीसीसाठी बनवलेला एलईडी लुकलुकतो किंवा जळतो. एसी-डीसी दोन्हींवर चालणारा घ्या, नाहीतर मूळचा बल्बच ठेवा. लेगशील्डवर (पायांपुढच्या पत्र्यावर) कॅरिअरसाठी भोकं पाडली असतील तर कडांना लगेच प्रायमर लावा. गंज तिथूनच सुरू झाला.

टायर बदलताना रिमचे दोन भाग जोडणारे नट सोडण्याआधी ट्यूबची हवा पूर्ण काढा. हवा असताना ते सोडले तर रिम उसळून हात किंवा तोंड फुटू शकतं.