असईच्या शिंदे पलटणीसाठी २८ मिमी प्लास्टिक पायदळाचा डबा: काही महिने खेळून झाल्यावर

जुन्या लढाया टेबलावर छोट्या शिपायांनिशी खेळायचा आमचा छंद. हे शिपाई साधारण २८ मिमी उंचीचे, सुटे भाग जोडून आणि रंगवून उभे करायचे. डबा नेपोलियनच्या काळातल्या ब्रिटिश पायदळाचा, आणि मला उभी करायची होती दौलतराव शिंद्यांच्या कंपूतली, म्हणजे कवायती फौजेतली, पलटण. उन्हाळ्यात घेतला, पावसाळा त्याच्यासोबत काढला, आणि आता सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या रविवारच्या खेळात ही पलटण कायम टेबलावर असते. कंपनीचं नाव घेत नाही, कारण खाली लिहिलंय ते या मापाच्या बहुतेक हार्ड प्लास्टिक डब्यांना लागू पडेल.

आम्ही खेळतो ती मराठे आणि इंग्रज यांच्यातली असईची लढाई, २३ सप्टेंबर १८०३ ची, केळणा आणि जुई या दोन नद्यांमधल्या जागेवरची. महादजींच्या काळात डी बॉयन या युरोपीय अधिकाऱ्यानं तयार केलेलं कवायती पायदळ तिथं पोहलमान या दुसऱ्या युरोपीय अधिकाऱ्याच्या हाताखाली उभं होतं. चकमकीच्या (गारेच्या ठिणगीनं उडणाऱ्या) बंदुका, संगिनी, ओळीत चालणं, सगळं युरोपीय पद्धतीचं. धातूत असे शिपाई मिळतात, पण वजनामुळे कुरिअरच अंगावर येतं. प्लास्टिकमध्ये मला तयार मिळाले नाहीत, म्हणून हा मार्ग धरला.

आणि इथंच हार्ड प्लास्टिक जिंकतं. १/७२ मापाचे, म्हणजे याहून लहान, मऊ प्लास्टिकचे शिपाई स्वस्त असतात, पण त्यांना सिमेंट (प्लास्टिक जोडायचा द्रव) धरत नाही आणि हाताळून हाताळून रंगाचे पोपडे निघतात. हे पॉलिस्टायरीन आहे. टॅमियाचं पातळ सिमेंट ब्रशच्या टोकानं सांध्याला लावलं की ते आपोआप आत ओढलं जातं, दोन्ही कडा वितळून एकजीव होतात. फेविक्विकचा सांधा आपटल्यावर सुटतो, हा सुटत नाही. मुंडकं कापा, हात फिरवा, गुडघ्याखाली तासा, प्लास्टिक सगळं ऐकतं.

लाल आखूड कोट आणि छातीवरचे फुलीचे पट्टे कंपूच्या तेलंग्याला, म्हणजे कवायती शिपायाला, चालून जातात. बदलायचं डोकं आणि पाय. उंच टोपी कपाळाच्या रेषेत कापायची, वर एम-सीलचा छोटा गोळा बसवायचा आणि ओल्या सुईनं पगडीचे पीळ पाडायचे. एम-सील लवकर घट्ट व्हायला लागतं, म्हणून एका वेळी दोन-तीन डोक्यांपुरतंच कालवावं. विजारीच्या चुण्या चाकूच्या पाठीनं खरवडून वर पॉलिश पेपर फिरवला की मांडीखाली उघडा पाय रंगवता येतो. पहिली रांग पूर्ण होऊन टेबलावर उभी राहिली तेव्हा समोरच्या गड्यानं पुठ्ठ्याच्या ब्रिटिश तुकड्या बाजूला सारून आधी त्या पगड्याच न्याहाळल्या.

कोरीव काम समोरून फार सुंदर आहे. बटणं, पट्ट्यावरची चकती, बोटांची पेरं, सगळं ब्रश अडकेल इतकं स्पष्ट. बाजूनं मात्र तपशील विरघळतो. पोलादी साच्याचे दोन भाग सरळ उघडावे लागतात, त्यामुळे आत वळणाऱ्या खाचा त्यात येत नाहीत. काडतुसांची पेटी कोटाला चिकटलेली दिसते, बंदूक आणि छाती यांच्यातली पोकळी भरलेली असते. तिथं गडद रंगाची बारीक रेघ मारली की हातभर अंतरावरून काही कळत नाही.

सांगलीच्या हवेचं मात्र मनावर घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये स्प्रे प्रायमर मारला तर दमटपणानं पृष्ठभाग खरखरीत पांढुरका होतो, मॅट वार्निशचंही तेच. एप्रिल-मेच्या दुपारी गच्चीवर रंग हवेतच वाळतो आणि भुकटीसारखा बसतो. उन्हाळ्यात सकाळी लवकर स्प्रे, पावसाळ्यात ब्रशनं लावायचा प्रायमर, एवढं पाळलं की काम चोख होतं.

महिनोन् महिने हाताळल्यावर रंग टिकलाय, आधी ग्लॉस आणि वर मॅट वार्निश दिल्यामुळे. तुटतात त्या संगिनी. इतक्या बारीक टोकाला प्लास्टिक पुरत नाही, आणि रांगा मागेपुढे सरकवताना पहिला मार तिथंच बसतो. त्यावर उपाय मिरजेत मिळाला. सतारीची पोलादी तार. बंदुकीच्या नळीच्या टोकाला बारीक हातड्रिलनं भोक पाडून तारेचा तुकडा बसवला, टोक कानशीनं निमुळतं केलं. त्या संगिनी अजून शाबूत आहेत, आणि ओळीत प्लास्टिकपेक्षा जास्त खऱ्या दिसतात.

शिपाई हलके असल्यामुळे पंख्याच्या वाऱ्यानंही कलंडतात. बेसखाली (शिपाई ज्यावर उभा असतो त्या चकतीखाली) लोखंडी वॉशर आणि ने-आण करायच्या डब्यात मॅग्नेट शीट, मग स्कूटरवरून सांगली-मिरज रस्त्याचे सगळे खड्डे पार होतात. बेसवर फेविकॉल आणि कृष्णेची चाळलेली वाळू, वर काळ्या मातीचा रंग.

डब्यातले अधिकारी वाया जात नाहीत, कंपूत युरोपीय अधिकारी होतेच. फक्त असईसाठी ते थोडेच ठेवा, कारण बरेच ब्रिटिश अधिकारी लढाईआधीच शिंद्यांची चाकरी सोडून गेले होते. निशाणं छापून घ्यावी लागतात. आणि तोफ एकही नाही, ही उणीव मोठी आहे. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली, त्याची दीड हजारांवर माणसं मेली-जखमी झाली, त्यात शिंद्यांच्या तोफखान्याचा वाटा फार मोठा. नुसत्या पायदळावर ही फौज अर्धवटच वाटते, तेव्हा तोफांचे पैसे आधीच बाजूला काढा.

ज्याला डबा उघडून त्याच आठवड्यात खेळायचंय त्यानं यात पडू नये. ज्याला चाकू, एम-सील घेऊन रात्री बसायला आवडतं त्यानं जरूर घ्यावा, आणि दोघा-तिघांनी मिळून एकाच पार्सलमध्ये मागवावा, म्हणजे कुरिअरचा भार वाटला जातो.